धार शिकवणारं पुस्तक

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. मी तेव्हा जबलपुरात मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरात आई, मी, दादा आणि त्याचं बिऱ्हाड असे आम्ही राहत होतो. त्या उन्हाळ्यात वहिनी मुलांना घेऊन माहेरी अमरावतीला गेली होती, त्यामुळे घर शांत होतं आणि माझी सुट्टी नुकतीच लागली होती.

दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. ओमती नाल्याच्या पलीकडे एक खासगी कारखाना होता, तिथला हत्यारखाना त्याच्या ताब्यात होता. यंत्रांवर लागणारे भोकं पाडायचे बरमे, पाती, छिन्न्या जिथे ठेवतात आणि बोथट झाल्या की परत धारेला लावतात, ती ही खोली. कारखान्यात काम लढाईचंच चालायचं, पण बंदुका-तोफांचं नव्हे. तंबूच्या खांबांना बसवायच्या लोखंडी टोप्या तिथे बनत. प्रत्येक टोपीला आरपार भोक आणि त्या भोकातून एक खिळी. भोक जराही मोठं झालं की खिळी सैल बसते आणि वाऱ्यात खांब डुगडुगतो. माल तपासायला येणाऱ्या माणसाने या एका कारणासाठी दोनदा टोप्या परत पाठवल्या होत्या.

कारखान्याचे व्यवस्थापक बंगाली होते. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणायचे. त्यांनी पुष्कळ खटपट करून हत्यारांना धार लावायचं एक विलायती यंत्र मागवलं. कलकत्त्याहून एक माणूस आला, त्याने यंत्र बसवलं, अर्धा दिवस चालवून दाखवलं आणि संध्याकाळच्या मेलने तो परतही गेला. त्यानंतर दोन महिने त्या यंत्रावर ताडपत्री होती. कारागीर जुन्या कुरुंद दगडाच्या चाकावर, हाताच्या अंदाजाने धार लावत राहिले.

एका संध्याकाळी दादा टांग्यातून उतरला तो एक मोठं गाठोडं घेऊन. ओसरीवर त्याने ते सोडलं. आत पुस्तकं होती.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"साहेबांनी दिलंय. धार लावायचं मशीन शिकायची पुस्तकं. चार प्रकारची मागवली पाहायला. म्हणे एक निवडा, तेच हिंदीत करून घेऊ आन् माणसांना शिकवू. बाकीची परत." तो घाम पुसत बसला. "मी सांगून आलो का माझी बहीण इंग्रजी शिकवते, ती सांगेल."

मी हसले.

"तू काहून हसून राहिली? महिनाभर सुट्टी आहे ना तुला?"

"मला धार लावण्यातलं काय कळतं, दादा?"

"पुस्तकातलं तर कळते ना," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता.

आई आतून म्हणाली, "कारखान्यातल्या पुस्तकांना तेलाचा वास येते. गादीवर ठेवू नका."

वास नव्हता, पुस्तकं कोरी होती. मी ती दुसऱ्या दिवशी सकाळी नीट लावून पाहिली. पहिलं होतं यंत्राबरोबर आलेलं पातळ पुस्तक. त्यात यंत्राचे भाग, तेल कुठे घालायचं, कोणता स्क्रू कोणत्या दिशेला फिरवायचा, एवढंच. दुसरा एक जाडजूड ग्रंथ, कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा. त्यात पोलादाचे प्रकार, कोन, सूत्रं, कोष्टकं, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्न. तिसरी टपालाने शिकवणाऱ्या एका विलायती संस्थेची चोवीस पुस्तिकांची मालिका. पहिल्या धड्यात चाक म्हणजे काय, दुसऱ्यात चाकाजवळ उभं कसं राहायचं, असे लहान लहान धडे. चौथं म्हणजे गुंडाळलेले मोठे तक्ते, भिंतीला लावायचे. त्यांत शब्द कमी आणि चित्रं जास्त.

मी तीन दिवस वाचलं आणि जाडा ग्रंथ निवडला. का निवडला हे आज प्रामाणिकपणे सांगते. तो मला पुस्तकासारखा वाटला. मी ज्या पुस्तकांतून शिकले आणि ज्यांतून शिकवत होते, त्यांच्यासारखा. पातळ पुस्तकाला मी पुस्तक मानायला तयार नव्हते, पुस्तिका मला बाळबोध वाटल्या आणि तक्ते तर शिशुवर्गातले. निवडीची कारणं मी दोन पानं भरून लिहून काढली. दादाने ती वाचली आणि म्हणाला, "छान लिहिलं. पण एकदा बडे मिस्त्रींना ऐकव. शिकवतील तर तेच."

बडे मिस्त्री म्हणजे हत्यारखान्यातले सगळ्यांत जुने कारागीर. साठीचे, उंच, पांढरी दाढी नीट कातरलेली. कारखान्यातली बहुतेक माणसं त्यांच्या हाताखाली तयार झालेली. दादासुद्धा नवा आला तेव्हा त्यांच्याकडूनच शिकला होता आणि अजून त्यांच्यासमोर विडी ओढत नसे.

कारखान्यात बायकांनी जायची रीत नव्हती. साहेबांनी हत्यारखान्याला लागून असलेली माल ठेवायची खोली मला उघडून दिली, एक टेबल, खुर्ची आणि माठ ठेवला. सकाळी ऊन चढायच्या आत दादाबरोबर जायचं आणि अकराला टांग्याने घरी यायचं, असं ठरलं. आईने आधी "लोक काय म्हणतील" असं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "लोकांना सांगू, भावाच्या ऑफिसात लिहायला जाते." खोटंही नव्हतं ते.

पहिल्या दिवशी मी जाड्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण हिंदी करत करत बडे मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते समोर स्टुलावर बसून लक्ष देऊन ऐकत होते. अर्ध्या तासाने मी थांबले.

"बहुत इल्म की किताब है," ते म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बहनजी, इसमें से कल सुबह मैं आदमियों को कौन-सा पन्ना पढ़ाऊँ?"

मी पानं उलटू लागले. पहिल्या प्रकरणात पोलाद कसं बनतं ते होतं. दुसऱ्यात कोनांची गणितं. यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाने पहिल्यांदा हात कुठे ठेवायचा, हे एकशेचाळीस पानांनंतरही आलं नव्हतं.

"आपने कभी धार लगाई है?" त्यांनी विचारलं. चिडवण्याचा स्वर नव्हता, खरंच विचारत होते.

"नहीं. घर की विळी, मतलब हँसिया, वो भी धार के लिए सानवाले को देते हैं."

"तो पहले देख लीजिए. फिर चुनिए."

दादाला हे पटलं नाही. फिरत्या चाकाजवळ बहिणीला उभं करायचं त्याच्या जिवावर आलं. बडे मिस्त्रींनी त्याला सांगितलं, "मैं खड़ा हूँ," आणि दादा बाजूला झाला. मी वेणीचा अंबाडा घट्ट बांधला, पदर कमरेला खोचला, बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी मला त्यांचा जाड काचांचा चष्मा दिला. तो माझ्या नाकावरून सारखा घसरत होता.

नवं यंत्र नाही, आधी हत्यारखान्यातलं जुनं चाक. चालू करण्याआधी त्यांनी लाकडी दांड्याने चाकावर हलकेच ठोकलं आणि म्हणाले, "सुनिए." चिनी मातीच्या बरणीवर नख मारावं तसा स्वच्छ आवाज आला. तडा गेला असेल तर आवाज बसका येतो आणि तसं चाक फिरवलं तर फुटून माणूस जायचा, असं त्यांनी सांगितलं. मग चाक सुरू करताना समोर नाही, बाजूला उभं राहायचं. सुरू झाल्यावर थोडा वेळ नुसतं फिरू द्यायचं. या सगळ्या गोष्टी त्यांनी मला हत्यार हातात देण्याआधी सांगितल्या.

पहिली छिन्नी मी जाळली. दाबून धरली, ठिणग्या पाहून खूश झाले आणि बघता बघता तिचं टोक निळं पडलं. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, आता ती मऊ झाली, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी दिली. तीही निळी पडली. चौथीला मला समजलं की दाब हातातून येत नाही, तिरकं उभं राहून अंगाच्या भारातून येतो, आणि थांबायचं कधी ते ठिणग्यांवरून नव्हे तर बोटांना लागणाऱ्या उष्णतेवरून कळतं. पाचव्या छिन्नीची धार त्यांनी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. ती घसरली नाही, तिथेच अडकली.

"चलेगी," ते म्हणाले.

त्या दिवशी घरी आले तेव्हा हात काळे होते, पदरावर ठिणग्यांची बारीक भोकं होती आणि मी फार आनंदात होते. आईने पदर पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने मला तिचं जुनं जाडंभरडं लुगडं काढून दिलं.

मग मी पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून वाचली. आता वेगळी वाचली. पातळ पुस्तकातलं एक एक वाक्य कामाचं वाटू लागलं. टपाली पुस्तिका, ज्यांना मी बाळबोध म्हटलं होतं, त्यांतला दुसरा धडा बडे मिस्त्रींनी मला सांगितलं त्याच क्रमाने जात होता: आधी चष्मा, मग आवाज, मग बाजूला उभं राहणं. सातासमुद्रापलीकडे बसलेल्या कोणीतरी आधी कुणाला तरी हाताने शिकवलं असणार आणि मगच हे लिहिलं असणार, असं मला वाटलं. पुस्तिका लिहिणाऱ्याबद्दल मला एकदम आपुलकी वाटू लागली.

पण त्याच पुस्तिकांत एक घोळ निघाला. सहाव्या धड्यात लिहिलं होतं की धार लावताना हत्यार गरम झालं की पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवावं. यंत्राच्या पातळ पुस्तकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: नव्या जातीच्या पोलादाची हत्यारं तापलेली असताना पाण्यात घालू नयेत.

शाळेत दोन पुस्तकांत फरक पडला की आम्ही मुख्याध्यापिकाबाईंना विचारायचो आणि त्या सांगतील ते धरायचो. इथे मी बडे मिस्त्रींना विचारलं.

"पानी में तो हम हमेशा से डालते आए हैं," ते म्हणाले. मग कपाटातून त्यांनी चार-पाच पाती काढली, नव्या पोलादाची. प्रत्येकाच्या टोकाचा कण कण उडालेला. "ये नया फौलाद ही कच्चा आ रहा है. मैंने आपके भाई से कहा भी था."

दादा तिथेच होता. त्याने पात्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "करून पाहू," तो म्हणाला.

नव्या पोलादाची दोन सारखी पाती घेतली. दोन्ही जुन्या चाकावर चांगली तापेपर्यंत धरली. एक पाण्यात बुडवलं, ते फुसकारलं. दुसरं विटेवर ठेवून आपोआप निवू दिलं. दोन्ही दिसायला सारखीच. मग बडे मिस्त्रींनीच उपाय सांगितला. त्यांच्या उस्तादाकडून ऐकलेला होता. पाती रॉकेलमध्ये तासभर ठेवायची, कोरडी पुसायची आणि वर पांढरी भुकटी चोळायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर रेघ उठते. भुकटी म्हणून मी माझ्या पिशवीतला खडू कुटून दिला.

विटेवरचं पातं पांढरंच राहिलं. पाण्यातल्या पात्यावर हळूहळू एक ओलसर काळी रेघ उमटली, केसाएवढी, टोकापासून आत जाणारी.

बडे मिस्त्रींनी पातं उजेडात धरून ती रेघ पाहिली. मग त्यांनी पाण्याची बादली उचलली आणि स्वतः नेऊन जुन्या पोलादाच्या बाकाखाली ठेवली. नव्या पोलादाच्या बाकाजवळ पुन्हा बादली दिसली नाही. मला मात्र त्या दिवशी कळलं की पुस्तिका चांगल्या असल्या तरी जुन्या होत्या. नवं पोलाद यायच्या आधी कधीतरी लिहिलेल्या असाव्यात. नुसतं वाचून मला हे कधीच कळलं नसतं.

यापुढची गोष्ट सांगताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं.

तक्त्यांमध्ये एक तक्ता बरम्याचा होता. बरम्याच्या टोकाला दोन कडा असतात आणि दोन्ही एकाच लांबीच्या, एकाच कोनात असाव्या लागतात. एक कडा किंचित लांब असली तर बरमा मधोमध फिरत नाही, घोळत फिरतो आणि भोक त्याच्या मापापेक्षा मोठं पडतं. हे सगळं तक्त्यात तीन चित्रांत दाखवलं होतं. एकही कोष्टक नव्हतं. खाली कोपऱ्यात एक मापपट्टी छापली होती: पत्र्यावर चिकटवून कापा आणि बरम्याचं टोक त्यात लावून पाहा.

मी ती कापली. मला नवं खेळणं मिळाल्यासारखं झालं होतं. बाकावर बडे मिस्त्रींनी सकाळीच धार लावून ठेवलेले सहा बरमे होते. मी एक उचलला आणि मापपट्टीत धरला. एका बाजूला बसला, दुसऱ्या बाजूला फट दिसली. दुसरा घेतला. त्यातही फट. तिसऱ्यातही. मी मोठ्याने म्हणाले, "दादा, हे बघ, सगळ्यांची एक कडा लांब आहे."

खोलीत पाच-सहा माणसं होती. सगळी माझ्याकडे नाही, बडे मिस्त्रींकडे पाहू लागली. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

"बरमे घिस गए होंगे," एक जण हळूच म्हणाला.

"नहीं," बडे मिस्त्री म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून मापपट्टी घेतली, सहाही बरमे एकेक करून लावून पाहिले, मापपट्टी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "खरं होतं ना ते?" तिने विचारलं.

"खरं होतं. पण चार माणसांत बोलायला नको होतं."

"मग तेवढंच कबूल कर. खरं होतं ते कशाला परत घेतेस?"

चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा बडे मिस्त्री माझ्या आधी आले होते. मी कबुलीचं वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. त्यांनी घरी बसून घडवलेली पितळेची मापपट्टी होती. माझ्या पत्र्याच्या मापपट्टीपेक्षा कितीतरी सुबक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, धरायला छोटा कान, आणि कोनाच्या खुणा कोरलेल्या.

"मेरी बाईं आँख में जाला आ गया है," ते म्हणाले. "बरस-दो बरस हुए. एक तरफ़ का ठीक दिखता है, दूसरी तरफ़ का अंदाज़ से करता था. किसी को बताया नहीं था."

"मिस्त्रीजी, मला, मतलब मुझे सबके सामने नहीं कहना था."

"सबके सामने ही कहना था. नहीं तो मैं मानता नहीं." मग ते हसले. दाढीतून हसू दिसलं म्हणून मी धीर करून समोर बसले.

त्या दिवशी नव्या यंत्रावरची ताडपत्री निघाली. पातळ पुस्तक मी हातात धरून उभी राहिले आणि एक एक ओळ हिंदीत सांगत गेले. दादाने स्क्रू फिरवले, बडे मिस्त्रींनी बरमा यंत्राच्या मुठीत बसवला. या यंत्रात हत्यार हाताने धरत नाहीत. ते मुठीत पक्कं करतात आणि कोनाच्या खुणा असलेल्या चकतीवर हवा तो कोन लावतात. त्यामुळे डोळा अधू असला तरी दोन्ही कडा सारख्याच निघतात. पहिल्या बरम्याला अर्धा तास लागला. पितळेच्या मापपट्टीत तो दोन्हीकडून बसला. त्या बरम्याने एका टोपीला भोक पाडलं आणि खिळी घातली. ती आत गेली आणि हलेना. बडे मिस्त्रींनी टोपी कानाजवळ नेऊन हलवली. आवाज आला नाही. मग ती टोपी सगळ्यांच्या हातांतून फिरली आणि शेवटी माझ्याकडे आली. मीही हलवून पाहिली.

आठवड्याने साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, "तर मग, कोणतं पुस्तक?"

मी माझी आधीची दोन पानं बरोबर नेली नव्हती. मी सांगितलं की कोणतंही एक पुरणार नाही. यंत्राचं पातळ पुस्तक पूर्ण हवं. तक्ते सगळे हवेत, आणि ते खोलीत भिंतीला नाही तर यंत्राजवळ, डोळ्यांच्या उंचीवर. पुस्तिकांपैकी सात हव्यात. त्यातल्या सहाव्या धड्यातली पाण्याची ओळ खोडून. जाडा ग्रंथ परत पाठवावा.

"तो सगळ्यांत विद्वत्तापूर्ण आहे," साहेब म्हणाले.

"हो. पण तो धार लावणाऱ्यासाठी लिहिलेला नाही. धार लावणाऱ्यांच्या वरच्या माणसासाठी आहे."

साहेबांनी ग्रंथ उचलला, चाळला आणि म्हणाले, "म्हणजे माझ्यासाठी." त्यांनी तो ठेवून घेतला. पुढे कित्येक महिने तो त्यांच्या टेबलावर उघडा दिसायचा, असं दादा सांगायचा.

उरलेली सुट्टी वही लिहिण्यात गेली. सात धडे आणि यंत्राचं पुस्तक यांचं मी नागरीत हिंदी केलं. एक अडचण आली, ती मी आधी लक्षात घ्यायला हवी होती. बडे मिस्त्रींना नागरी येत नव्हती. त्यांना उर्दू येत होती, आणि अक्षर तर इतकं सुंदर की पाहत राहावं. मग असं ठरलं की मी वाचायचं आणि त्यांनी उर्दूत उतरवून घ्यायचं. दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी थांबले तरी त्यांची लेखणी थांबत नाही.

"क्या लिख रहे हैं?"

"जो आपकी किताब में नहीं है."

मला उर्दू वाचता येईना, म्हणून त्यांनी वाचून दाखवलं. चाक साफ असेल तर आवाज कसा येतो आणि धुळीने बुजलं असेल तर कसा. बोटांना किती गरम लागलं की थांबायचं. धार लागली हे नखावर कसं पाहायचं. पाऊस लागला की चाकं कोरड्या जागी का ठेवायची. शेवटी एक ओळ होती, डोळा अधू होऊ लागला तर कारागिराने ते लपवू नये. ती वाचताना ते अडखळले नाहीत. मी ते सगळं माझ्या वहीत नागरीत उतरवून घेतलं. अशा दोन वह्या तयार झाल्या, दोन लिप्यांत, आणि दोन्हींत एकच मजकूर.

साहेबांना वहीवर माझं नाव घालायचं होतं. दादा थोडा घुटमळला, आई तर नको म्हणालीच. मला स्वतःला वाटलं की नाव घालायचं तर माझं आणि बडे मिस्त्रींचं, दोघांचं घालावं लागेल, आणि पुस्तिका लिहिणाऱ्या त्या परक्या माणसाचंही. म्हणून कोणाचंच घातलं नाही. वर फक्त "सान मशीन की किताब" असं लिहिलं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मी माझ्या वर्गात परत गेले. टोप्या त्यानंतर परत आल्या नाहीत. बडे मिस्त्रींनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, महिनाभर हिरवी पट्टी बांधून घरी राहिले, आणि त्या महिन्यात त्यांच्या हाताखालच्या माणसांनी वही पाहून काम चालवलं. कुणी काही विचारायला त्यांच्या घरी गेलं तर ते म्हणत, "किताब में देखो," आणि मग स्वतःच सांगत.

मी पुढची दोन वर्षं शनिवारी दुपारी कारखान्यात जात राहिले. कधी दुसऱ्या एखाद्या यंत्राचं पुस्तक समजावून द्यायला, कधी नुसतंच. जुन्या चाकावर एखादी छिन्नी धारेला लावायची मला सवय लागली होती आणि कोणी हटकत नसे. घरची विळीही मीच लावू लागले. आई शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे सानवाला येत नाही आता."

मग माझं लग्न झालं आणि मी नागपूरला गेले. पहिली वही तोवर तेलाने इतकी माखली होती की दिवाळीच्या सुट्टीत मी तिची दुसरी प्रत काढून दिली होती. तीही खराब झाल्यावर तिसरी निघाली, असं दादाने पत्रात कळवलं. ती कोणी लिहिली ते त्याने लिहिलं नव्हतं. तिच्यात दोन नवी पानं वाढली आहेत, एवढंच लिहिलं होतं.